सोंगाड्याला प्रश्न विचारणारा माणूस

१/
तमाशाच्या काही नामांकित फडांची नावे एका ओळीत लिहून पाहा. भाऊ-बापू नारायणगावकर. शिवा-संभा कवलापूरकर. काळू-बाळू कवलापूरकर. नावे जोडीने येतात. भावाभावांनी मिळून चालवलेला फड, म्हणून पाटीवर दोन नावे, इतका सरळ हिशेब त्यामागे आहे. परंतु तमाशातल्या विनोदाकडे नीट पाहिले की ही दोनाची संख्या नुसत्या मालकीपुरती उरत नाही. आजचा धागा त्या जोडीतल्या दुसऱ्या माणसाविषयी आहे. त्याच्यामुळे हसू येते, पण त्याला कोणी हसत नाही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम भूगोल. पुण्याहून नाशिककडे निघाले की राजगुरुनगर मागे पडते, मग मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा आणि पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडून संगमनेर. महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीचा बराच मोठा इतिहास या एका रस्त्याच्या कडेला घडला. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचा. पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहून तमाशात स्त्रीकलावंताचे युग सुरू करणारी पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची. भाऊ-बापू आणि विठाबाई नारायणगावच्या. कांताबाई सातारकरांचे बिऱ्हाडही अखेर संगमनेरातच स्थिरावले.

३/
नारायणगावाला 'तमाशा पंढरी' म्हणतात. होळी-पाडव्याच्या सुमारास महामार्गाच्या कडेला फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाचे नाव, आत व्यवस्थापक, समोर सतरंजी. आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर आणि त्यापलीकडच्या गावांचे यात्रा कमिटीवाले तेथे येतात, तारखा जुळवतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखात या भागात गावोगावी यात्रा. दिवसा घाटात बैलगाडे, रात्री तमाशा. मंचरच्या बाजारात सकाळी ज्या आवाजात भाजीचा भाव ठरतो, साधारण त्याच आवाजात नारायणगावात कलेचा भाव ठरतो. यात कमीपणा काही नाही. जगातल्या बहुतेक रंगभूमी अशाच जगल्या आहेत.

४/
आता रचना. ढोलकीफडाच्या तमाशाचे टप्पे ठरलेले: गण, गौळण, बतावणी, मग वग. गणात गणपतीला वंदन. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, आणि लुगडे नेसलेला पुरुष 'मावशी' होऊन त्यांच्याशी हुज्जत घालतो. वग म्हणजे मुख्य कथानक. पहिला वग म्हणून उमा-बाबू सावळजकरांच्या 'मोहना-बटाव'चे नाव घेतले जाते. त्याचा काळ १८६५ असा सांगतात. गण-गौळण आणि वग यांच्या मधला तुकडा तो बतावणी. दोन माणसे उभी राहतात आणि बोलतात. एवढेच.

५/
त्या दोघांपैकी एक सोंगाड्या. वाकडी टोपी, अंगाला न बसणारे कपडे, चालण्यात काहीतरी खोट. दुसरा नाईक; कोठे त्याला सरदार म्हणतात, कोठे शाहीरच ते काम करतो. नाईक ताठ उभा, फेटा नीट, भाषा थोडी शुद्ध. नाईक विचारतो, सोंगाड्या सांगतो. 'बतावणी' या शब्दाचा साधा अर्थ बनाव किंवा खोटा देखावा असा आहे, आणि सोंगाड्या सांगतोही धडधडीत खोटे. ते खोटे ज्या क्रमाने बाहेर काढले जाते, तो क्रम मात्र सर्वस्वी नाईकाच्या हातात असतो.

६/
नुसत्या वर्णनाने हे कळणार नाही, म्हणून एक नमुना देतो. हा मीच रचलेला आहे. कोणत्याही फडाचा किंवा पुस्तकातला नाही. चाल मात्र जुनी आहे.

नाईक: काय रं, चार दिस कुटं गेल्ता?
सोंगाड्या: मंचरला गेल्तो, नाईक.
नाईक: कशापायी?
सोंगाड्या: कांदा इकाया.
नाईक: बरं. मग किती आलं?
सोंगाड्या: कोन?
नाईक: अरं पैसं!
सोंगाड्या: ते न्हाय आलं. म्या आलो.
नाईक: आन् पैसं कुटं राह्यलं?
सोंगाड्या: आडत घिऊन आडत्या गेला. हमाली घिऊन हमाल गेला. तोलाई घिऊन तोलारी गेला. मागं उरलो म्या. मला कुनीच न्हेईना, म्हून चालत घरी आलो.

७/
यात हशा कोठे आहे? वाचताना वाटेल, शेवटच्या वाक्यात. रंगमंचावर पहिला हशा 'कोन?' या एका शब्दाला येईल, आणि तो यावा यासाठी 'किती आलं?' हा प्रश्न नाईकाने अगदी कोरड्या, हिशेबी सुरात विचारलेला असावा लागतो. तो आधीच गालात हसला तर प्रेक्षकाला विनोदाची चाहूल लागते आणि सोंगाड्याचे 'कोन?' वाया जाते. मग 'अरं पैसं!' ही नाईकाची चीड. ती खरी वाटली पाहिजे, कारण त्या क्षणी मांडवातला प्रत्येक शेतकरी मनातल्या मनात तेच ओरडलेला असतो. प्रेक्षक नाईकाच्या बाजूने विचार करत जातो आणि सोंगाड्याच्या उत्तरावर आपटतो. ठेच नाईकाला लागते. हसू मांडवाला येते.

८/
म्हणजे नाईक हा रंगमंचावर उभा असलेला प्रेक्षकच आहे, फक्त त्याला हसण्याची परवानगी नाही. रात्रभर, हंगामभर, तोच विनोद शंभराव्या वेळी ऐकताना पहिल्यांदा ऐकल्यासारखे रागवायचे, हे काम सोपे नव्हे. सोंगाड्याला निदान टाळी मिळते. दौलतजादा करणाराही नोट उंच धरून नाव पुकारायला लावतो ते नाचणारीसाठी, क्वचित सोंगाड्यासाठी. नाईकाच्या नावाने नोट निघाल्याचे कोणी ऐकले असेल तर त्याने अवश्य सांगावे.

९/
जगात इतरत्रही हा माणूस सापडतो. इटलीच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या मुखवट्यांच्या नाट्यप्रकारात, म्हणजे कोमेदिया देल्लार्तेमध्ये, नोकरांची जोडगोळी असे: एक चलाख, एक मठ्ठ. जपानच्या क्योगेनमध्ये धनी आणि त्याचा नोकर तारो काजा. अमेरिकेत बड ॲबट आणि लू कॉस्टेलो या जोडीत हसवायचा कॉस्टेलो, पण आरंभीच्या काळात मिळकतीचा मोठा वाटा घ्यायचा ॲबट, म्हणजे गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणारा. त्या धंद्यात ही किंमत सर्वांना कळत होती: हसवणारे पुष्कळ मिळतात, नीट विचारणारा मिळत नाही.

१०/
मराठी नाटकाने ही जोडी आरंभी घेतली आणि मग सोडून दिली. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या परंपरेच्या खेळांत सूत्रधार आणि विदूषक यांचे संभाषण होऊन मग आख्यान सुरू होई. पुढे संगीत नाटक प्रतिष्ठित झाले, विदूषक मागे पडला. तमाशाने तो सोडला नाही. नाट्यगृहात ज्याला जागा उरली नाही तो यात्रेच्या मांडवात टिकला.

११/
त्याच सुमारास एका माणसाने विदूषकाचा पूर्णपणे वेगळा उपयोग केला. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. त्यात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि विदूषक मध्ये मध्ये येऊन, काय चालले आहे ते उघड करून सांगतो. सोंगाड्याला जे आडून बोलावे लागते ते हा विदूषक सरळ बोलतो. नाटक रंगमंचावर येऊ शकले नाही, याचे आश्चर्य वाटू नये.

१२/
सत्यशोधक चळवळीची पाळेमुळे या भागात खोल होती. जुन्नर तालुक्यातले ओतूर हे तिचे ठळक केंद्र. ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता लावलेल्या लग्नावरून तेथला खटला गाजला. विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधक जलसे निघाले, नंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. जलसेकारांनी तमाशाची चौकट घेतली, शृंगार कमी केला, गणातले दैवत बदलले. मात्र दोन माणसांचा संवाद त्यांनी टाकला नाही. एकाने जुन्या समजुतीने विचारायचे आणि दुसऱ्याने त्या समजुतीची चिरफाड करायची. तमाशात शहाणा विचारतो आणि वेडा उत्तर देतो. जलशात बहुधा उलटे. ही अदलाबदल मला फार अर्थपूर्ण वाटते.

१३/
आता मूळ मुद्द्यावर. बतावणीत दोन माणसे का लागतात? सोंगाड्याने एकट्याने उभे राहून थेट लोकांशी का बोलू नये?

याचे उत्तर कलेत आहे तितकेच गावाच्या रचनेत आहे. फडातले कलावंत बहुसंख्येने मातंग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतले. ज्या गावात दिवसा त्यांना पाणवठ्यावर जाता येत नसे, त्याच गावात रात्री त्यांना बोलायचे होते, आणि पुढच्या रांगेत पाटील, सावकार, यात्रेचे कारभारी बसलेले. पाटलाच्या तोंडावर पाटलाविषयी काही बोलणे अशक्य. परंतु सोंगाड्या पाटलाशी बोलतच नव्हता. तो नाईकाशी बोलत होता.

१४/
ही ढाल लक्षात घ्या. 'आमच्या गावचा एक पाटील' असे सोंगाड्याने म्हणायचे, नाईकाने दरडावून 'गप! मोठ्या मानसाला असं बोलत्यात व्हय?' असे म्हणायचे. झाली मर्यादेची राखण. नाईकाने रागवावे, म्हणजे पाटलाला रागवायचे कारण उरत नाही. आणि मग नाईकानेच, जणू न राहवून, पुढे विचारायचे: 'बरं, मग पाटलानं काय केलं?' बोलण्याचे पाप सोंगाड्याचे, दटावण्याचे पुण्य नाईकाचे, आणि पुढचे दार उघडणाराही नाईकच. हसणाऱ्या पाटलाला आपण कशाला हसलो हे घरी गेल्यावर कळत असेल. काहींना तेव्हाही कळत नसेल.

१५/
याचा अर्थ तमाशा म्हणजे बंडाचे व्यासपीठ होते असा कोणी काढू नये. अलीकडे तसे लिहिण्याची पद्धत पडली आहे. सोंगाड्याचे विनोद बायकांवरही असत, दुसऱ्या जातींवर असत, व्यंगावर असत, आणि त्यातले बरेच आज ऐकवणार नाहीत. सुपारी देणाऱ्याला दुखवून फड चालत नाही, हे प्रत्येक फडमालकाला ठाऊक होते. तरीही वर्षातली एक रात्र अशी होती की गावकुसाबाहेरच्या माणसाने बोलायचे आणि गावाने ऐकायचे. तिची किंमत त्या मर्यादांसह मोजावी.

१६/
ही रात्र पहिल्यांदा अडचणीत आली ती स्वातंत्र्याच्या आसपास. अश्लीलतेच्या तक्रारींवरून मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. फडांच्या पोटावर पाय आला. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटींवर तमाशाला वाट मिळाली. महत्त्वाची अट अशी: जे सादर करणार ते आधी लिहून दाखवा, मंजूर करून घ्या.

१७/
येथे थांबून विचार करावा. वग लिहून देता येतो. लावणी लिहून देता येते. बतावणी कशी लिहून देणार?

वरचाच नमुना घ्या. 'मग किती आलं?' 'कोन?' हे कागदावर लिहून अधिकाऱ्यापुढे ठेवले तर त्याला आक्षेपार्ह काही सापडणार नाही, आणि हसू येण्यासारखेही काही सापडणार नाही. हशा त्या दोन शब्दांमधल्या थांब्यात आहे. शिवाय मंचरच्या बाजारावरची बतावणी पाचशे मैलांवर काय कामाची? फड त्या त्या गावात उतरला की दुपारी चहाच्या टपरीवर कानोसा घ्यायचा: सरपंच कोण, भांडण कशावरून, पाणी कोणाच्या शेताला आधी गेले. रात्री ते सगळे 'आमच्या गावा'चे म्हणून बाहेर यायचे. आधी मंजूर करून घेतलेल्या कागदावर आज दुपारचे भांडण कोठून येणार?

१८/
हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. इंग्लंडात १७३७ पासून १९६८ पर्यंत नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे, आणि मंजूर संहितेबाहेरचे वाक्य रंगमंचावर बोलणे हा गुन्हा ठरू शकत असे. हिंदुस्थानात इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला. राज्यकर्ते कोणतेही असोत, आयत्या वेळी सुचलेल्या वाक्याची धास्ती सर्वांना सारखीच. लिहिलेला शब्द जप्त करता येतो. न लिहिलेला कोठे शोधणार?

१९/
त्याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक तमाशाचे हेच अंग घेऊन कामगारवस्त्यांत उभे होते. वाटेगावचे अण्णा भाऊ (१९२०–१९६९) तमाशाच्या वातावरणातच वाढलेले. १९४४ च्या सुमारास 'अकलेची गोष्ट' आली. गणातून देव गेला, मायभू आणि कष्टकरी आले. या नव्या तमाशाला पुढे 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. नाव बदलल्याने दारे कशी उघडतात, याचे हे आपल्या सांस्कृतिक इतिहासातले उत्तम उदाहरण आहे.

२०/
दारे उघडली, आत मात्र दुसरेच लोक गेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिले. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'मध्ये निळू फुले आणि राम नगरकर ही जोडी गाजली. निळूभाऊ पुण्यात माळीकाम केलेले, नगरकर केशकर्तनाच्या व्यवसायातून आलेले. हे दोघे शहरी रंगमंचावर आले, पण त्यांच्या संवादाचा पाया बतावणीचाच. त्यात निळूभाऊंचा थंड, दुसऱ्याला बोलू देणारा चेहरा होता. पुढे मराठी चित्रपटाने त्याच चेहऱ्याला खलनायक केले. धमकावणी असो वा विनोद, न हसता थांबता येणे हे दोन्हीकडे उपयोगी पडते.

२१/
आणि दादा कोंडके. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे प्रयोग दीड हजारांहून अधिक झाले असे सांगतात. दादा त्यात हवालदार. राजा, प्रधान, कोतवाल ही पात्रे वगाची, पण नेम मंत्रालयावर. वर्तमानपत्रात सकाळी आलेले रात्री दादांच्या तोंडी यायचे. १९७१ मध्ये चित्रपट आला, त्याचे नावच 'सोंगाड्या'. गिरणगावात वाढलेल्या, मूळ भोर भागातल्या कुटुंबातल्या या कलावंताने सोंगाड्याला पडद्यावर नायक केले. हे यश निर्विवाद आहे. तरी एक खंत नोंदवावीशी वाटते: पडद्यावर सोंगाड्या मोठा झाला आणि नाईक नाहीसा झाला. कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर, विनोद त्याच्या एकट्याचा.

२२/
इकडे फडांवर जोडी टिकून होती. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. वडील आणि चुलते यांचा शिवा-संभा हा फड. या जुळ्यांनी 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदारांची कामे केली, काळू आणि बाळू. वग इतका चालला की पात्रांची नावे माणसांना चिकटली. लहू-अंकुश कागदपत्रांत उरले आणि महाराष्ट्राने ओळखले ते काळू-बाळूंना.

२३/
काळू-बाळूंचे वैशिष्ट्य असे की त्यांच्यात शहाणा कोण आणि वेडा कोण याचा पत्ता लागत नसे. चेहरे सारखे, गणवेश सारखा. बतावणीचा जुना करार असा की नाईक वरचा, सोंगाड्या खालचा. येथे दोघेही खालचे, दोघांच्याही अंगावर सरकारी वर्दी. स्वतंत्र भारतातला पोलीस शिपाई गावकऱ्यांना रोज भेटत होता, त्याच्यापुढे बोलण्याची सोय नव्हती; रात्री तोच दुप्पट होऊन मांडवात उभा राहायचा आणि स्वतःशीच भांडायचा. जुळेपणाचा इतका नेमका उपयोग करणारा विनोद मला दुसरीकडे आढळला नाही.

२४/
नारायणगावचे भाऊ-बापू मांग हे घराणे याच पिढीच्या थोडे आधीचे. भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म १९३५, पंढरपूरचा. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, २००२ मध्ये निधन, आणि नंतर २००६ पासून राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने. बाळंतपणाची ती प्रसिद्ध कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून येथे सांगत नाही. त्या कथेने विठाबाईंना अमर केले, पण त्यांच्या फडात त्या रात्री आणखी कोण कोण होते, लोकांना कोणी थोपवून धरले, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. तमाशात खोळंबा झाला की पुढे ढकलले जाणारे दोघे ठरलेले असतात: सोंगाड्या आणि नाईक. 'जा, बोलत राहा.' किती वेळ, ते सांगत नाहीत.

२५/
बतावणीचा दुसरा शत्रू बंदीपेक्षा शांत होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा मुद्दा ठामपणे मांडला. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियमामागचा हेतू योग्यच आहे. आजारी माणसाला झोप हवी असते. पण पहाटेपर्यंत चालणारा कलाप्रकार एका झटक्यात काही तासांत कोंबावा लागला. कात्री कशाला लावायची? नाच-गाण्याच्या रंगबाजीला लावली तर तरुण प्रेक्षक शिट्ट्या मारून उठतात. वगाला लावली तर कथा कळत नाही. उरली बतावणी. पाऊण तासाची दहा मिनिटांवर आली, कोठे दोन-चार चुटक्यांवर.

२६/
चुटका आणि बतावणी यांतला फरक साधा आहे. चुटका एकटा सांगतो आणि तो सर्वत्र चालतो, म्हणून मोबाईलवर फिरतो. बतावणीला समोर उभा राहून न हसणारा माणूस लागतो आणि ज्याच्यावर ती बेतली ते गाव लागते. वेळ कमी झाला की पहिला बळी थांब्याचा जातो. आणि वरच्या नमुन्यात पाहिलेच, हशा थांब्यात असतो. त्यात २०२० आली. टाळेबंदी लागली ती नेमकी सुपाऱ्यांच्या दिवसांत. सलग दोन चैत्र यात्रांविना गेले, राहुट्या उठल्या. फडातले कलावंत मिळेल त्या मजुरीला लागले.

२७/
फड संपलेले नाहीत. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आपला फड उभा केला. कांताबाईंचे पुत्र रघुवीर खेडकर हे फडाचे मालक आणि स्वतः सोंगाड्या. राहुट्या पुन्हा लागतात, सुपाऱ्या फुटतात. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक अडचण ओळखून ठेवावी. लावण्या छापल्या गेल्या. काही वग छापले गेले. गाजलेल्या सोंगाड्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली. बतावण्या बहुतांशी हवेत गेल्या, आणि ज्यांनी प्रश्न विचारले त्या नाईकांची नावे तर त्यांच्याबरोबरच गेली. मराठी विनोदाच्या इतिहासातला अर्धा भाग असा निनावी आहे.

२८/
तेव्हा एक काम सुचवतो. आंबेगाव, जुन्नर, खेड, पारनेर, संगमनेर, कोठलेही गाव असो. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना यात्रेतल्या तमाशाविषयी विचारा. सोंगाड्याचे नाव ते आपण होऊन सांगतील. मग विचारा: त्याच्यासमोर कोण उभा राहायचा? त्याचा फेटा कसा होता? तो काय विचारायचा? उत्तर मिळाले तर गावाच्या आणि फडाच्या नावासह या धाग्याखाली लिहा, शक्यतो त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता.